तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातली मानसिक आरोग्य ओपीडी: जा नक्की, पण हे सगळं माहीत करून जा

हा रिव्ह्यू आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातल्या एका ठरलेल्या मंगळवारी असते त्या मानसिक आरोग्य ओपीडीचा आहे. तालुक्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, गावं लहान आहेत, नाव टाकलं की लोक बरोबर घरापर्यंत पोचतात, आणि तिथं मनापासून काम करणाऱ्या दोन-तीन जणांनाही उगाच ताप नको. मराठवाड्यातला कोरडवाहू तालुका, कापूस-सोयाबीनचा पट्टा, जिल्ह्याचं गाव एसटीनं दोन तासांवर, एवढं पुरे. पेशंट माझा मोठा भाऊ. त्याला विचारूनच लिहितोय, तो म्हणला लिही, कुणाच्या तरी कामाला येईल, फक्त नाव नको.

आधी मत सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायची गरज नाही. डॉक्टर चांगले, समुपदेशन करणाऱ्या ताई तर लईच चांगल्या, पैसे लागत नाहीत. अडचण ओपीडीच्या दिवशी नाहीच, अडचण आहे ती एका मंगळवारपासून दुसऱ्या मंगळवारपर्यंतच्या मधल्या महिन्यात, तेव्हा पेशंटला धरून ठेवणारं कुणी नसतं. पाचपैकी तीन स्टार देतो. मधला महिना सांभाळला तर पाच देईन, आणि हे सुधारणं अवघड नाही असं माझं ठाम मत आहे, ते का ते पुढं लिहिलंय.

दादाला काय होत होतं ते थोडक्यात. झोप नाही, रात्री दोन-तीनला उठून अंगणात बसायचा, जेवण निम्म्यावर, डोकं दुखतंय, छाती भरून येते, हातापायात ताकद नाही. लागोपाठ दोन हंगाम हातचे गेले होते, सोसायटीचं कर्ज थकलेलं, पोरीचं लग्न पुढं ढकललेलं. गावातल्या डॉक्टरनी सलाईन लावली, पित्ताच्या गोळ्या दिल्या, तालुक्याला ईसीजी काढला तो नॉर्मल आला, रक्त नॉर्मल. आमच्याकडं बहुतेकांचं असंच होतं, मनाचा आजार आधी अंगावर निघतो, आणि "मन लागत नाही" म्हणून दवाखान्यात कुणी जात नाही, "मुंग्या येतात, धडधडतंय" म्हणून जातात. मग रिपोर्ट चांगले आले की घरचे म्हणतात काही नाही झालेलं, कामाला लाग. दादा कामाला लागायचा प्रयत्न करायचा आणि बांधावर नुसता बसून राहायचा.

हे खरं कुणाला कळलं तर आमच्या आशाताईंना. त्या कागद घेऊन घरी आल्या होत्या, मागच्या दोन आठवड्यांत झोप नीट लागत नाही असं किती दिवस झालं, कशातच मन लागत नाही असं किती दिवस झालं, असे प्रश्न. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत सरकारचा प्रेरणा प्रकल्प म्हणून शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम आहे, त्यात आशाताईंनी घरोघरी असं विचारायचं ठरलेलं आहे. दादानं तर काही सांगितलं नाही, "सगळं बरंय ताई" एवढंच. पण वहिनी चुलीपाशी उभी राहून ऐकत होती, ताई निघाल्या तशी ती मागं गेली आणि गोठ्याच्या मागं उभं राहून तिनं सगळं सांगितलं. मला नेहमी वाटतं की अशी माणसं सापडायची असतील तर घरातल्या बाईला वेगळं विचारा. ताईंनी दोन गोष्टी दिल्या, एक म्हणजे ओपीडीचा वार, आणि दुसरी १४४१६ हा नंबर.

१४४१६ बद्दल थोडं लिहितो कारण गावात फार कमी लोकांना माहिती आहे. टेली मानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. वहिनीनं फोन माझ्या बायकोच्या मोबाईलवरनं लावला, कारण तिच्याकडं स्वतःचा फोन नाही, घरातला फोन दादाच्या खिशात असतो, आणि ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याच्याच फोनवरनं कसं बोलणार. पलीकडच्या मॅडमनी घाई केली नाही. "तुम्ही स्वतः किती झोपता?" असं त्यांनी वहिनीला विचारलं आणि वहिनी रडायलाच लागली, कारण एवढ्या महिन्यांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. फोनवर बोलून धीर आला, कुठं जायचं ते पक्कं झालं, आणि रात्री-अपरात्री वेळ आली तर बोलायला कुणीतरी आहे हे कळलं. पण फोन म्हणजे फोन, त्यातनं गोळ्या हातात पडत नाहीत, आणि आमच्या वस्तीवर रेंज पाहिजे असेल तर टाकीपर्यंत चालत जावं लागतं. बाईमाणूस रात्री टाकीपाशी उभं राहून असलं काही बोलू शकत नाही. तरीपण नंबर सेव्ह करून ठेवा, घरातल्या बायकांच्या फोनमध्ये आधी.

आता ओपीडी. दादाला न्यायचं कसं हाच मोठा प्रश्न होता, "मी काय येडा झालोय का" एवढं एकच वाक्य तो धरून बसला होता. इथं रुग्णालयाची एक गोष्ट आम्हाला पावली. मनाची ओपीडी आणि बीपी-शुगरची तपासणी एकाच व्हरांड्यात आहे, बाकडं एकच. कुणी विचारलं तर बीपी दाखवायला आलोय म्हणायचं, आणि तिथं बीपी खरंच बघतातच. दादा त्या बोलीवर आला. पण दारावर मात्र मोठ्या लाल अक्षरात "मानसिक रुग्ण तपासणी" असा बोर्ड लावलाय, आणि त्याच्या खाली बसायचं म्हटलं की माणूस तोंडावर रुमाल घेतो. आमच्याच गावचा एकजण शुगरसाठी आला होता, तो बोर्डाकडं बघायचा आणि दादाकडं बघायचा. तो बोर्ड काढून नुसता खोली नंबर टाकला तरी निम्मं काम होईल, हे मी तिथल्या साहेबांना सांगितलंय, अजून बोर्ड आहे तसाच आहे.

केसपेपरला पैसे नाहीत, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार सगळं मोफत आहे. नंबर लागायला दुपार होते, कारण एकाच दिवशी अख्खा तालुका येतो, फिट येणारी पोरं, दारू सोडायला आणलेले बाप, बाळंतपणानंतर गप्प झालेल्या सुना, विसराळू झालेले म्हातारे, सगळे. डॉक्टर जिल्ह्याहून टीमबरोबर येतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून योजना आहे, १९९६ पासूनची, आता देशातल्या बहुतेक जिल्ह्यांत आहे, आणि त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, नर्स अशी टीम असावी असं आहे. आमच्याकडं टीम म्हणजे डॉक्टर, एक ताई आणि औषधाचा खोका घेऊन येणारा एक पोरगा.

डॉक्टरांना वेळ कमी होता तरी त्यांनी आधी शेतीचंच विचारलं, किती एकर, पाणी आहे का, यंदा काय पेरलंय. मग झोपेचं. मग एकदम सरळ आवाजात विचारलं, "दादा, जगणं नको असं मनात येतं का कधी?" मी आणि वहिनी हा प्रश्न कित्येक महिने मनात धरून होतो आणि तोंडातनं काढायची हिंमत होत नव्हती. आम्हाला वाटायचं विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं घातल्यासारखं होईल. तसं होत नसतं, उलट विचारलं की माणूस मोकळा होतो, असं डॉक्टर नंतर म्हणाले, आणि आमच्या डोळ्यासमोर तेच झालं. दादा खाली बघत "येतं" म्हणला. दार उघडंच होतं, बाहेर बाकड्यावर माणसं, पडदासुद्धा नाही. तेव्हा समुपदेशनाच्या ताई उठल्या, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या उचलल्या आणि दादाला मागं कडुलिंबाखाली घेऊन गेल्या, शिपायाला सांगितलं इकडं कुणाला पाठवू नको. अर्धा-पाऊण तास बसले असतील. आम्ही लांबनं बघत होतो, दादा हातवारे करून बोलत होता, असं त्याला बोलताना मी लई दिवसांनी बघितलं.

ताईंनी वहिनीला आणि मला वेगळं बोलावून जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जसंच्या तसं लिहितो. फवारणीचं औषध घरात ठेवायचं नाही, ठेवायचंच असेल तर पेटीला कुलूप आणि चावी वहिनीकडं, यंदा फवारणी दुसऱ्यानं करायची. त्याला एकटं सोडायचं नाही पण पहाराही ठेवल्यासारखं करायचं नाही, कुणीतरी आसपास असू द्यायचं. "टेन्शन घेऊ नको" हे वाक्य घरात बंद. आणि तो पुन्हा तसं बोलला तर मंगळवारची वाट बघायची नाही, १४४१६ ला लावायचा किंवा थेट सिव्हिलला आणायचं. आम्ही त्याच संध्याकाळी डबे-बाटल्या सगळं चुलत्याच्या शेडमध्ये नेऊन कुलपात टाकलं. कर्जबाजारीपणा त्या कुलपानं मिटत नाही, पण वाईट रात्र सरून जाते, आणि ती सरली की माणूस पुढं बोलता करता येतो.

गोळ्यांचं डॉक्टरांनी नीट समजावलं. लगेच फरक पडणार नाही, दोन ते चार आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत, बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि या गोळ्यांची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. हे सगळं ते प्रत्येकाला सांगत होते, न कंटाळता. याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी.

आणि मग तो मधला महिना. पहिल्या महिन्यात ताईंचा आठवड्याला फोन यायचा, गोळी घेतली का, झोप कशी आहे, शेतात गेला होता का. दोन-तीन मिनिटांचा फोन, पण दादा त्या दिवशी सकाळपासून वाट बघायचा. नंतर ताईंचा करार संपला, नव्यानं भरती झाली नाही, ती खुर्ची रिकामी. फोन बंद. पुढं एका मंगळवारी सुट्टी आली, ओपीडी झालीच नाही, कुणाला कळवलंही नव्हतं, लांब-लांबच्या वस्तीवरनं लोक येऊन बसले होते, एक म्हातारी आजी नातवाला घेऊन आली होती, ती संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिथंच बसून राहिली, कुणीतरी येईल म्हणून. त्याच महिन्यात आमच्या गोळ्या संपल्या. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं तर बीपीची गोळी आहे, शुगरची आहे, ही नाही. तालुक्याच्या मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी बघितली आणि मागवावी लागेल म्हणले. एकदम खंड पडला तसं दादाला गरगरायला लागलं, चिडचिड सुरू, झोप परत गेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला वाटलं की आजार बरा होणारा नाहीच. शेवटी जिल्ह्याला जाऊन त्या गोळ्या आणल्या. ज्या गोळ्या सरकारी यादीत आहेत, स्वस्त आहेत, महिन्याच्या महिन्याला लागणार हे माहीत आहे, त्या आरोग्य केंद्रात ठेवायला काय अडचण आहे हे मला आजही कळलेलं नाही.

प्रवासाचंही लिहायला पाहिजे. उपचार मोफत असले तरी एका पेशंटमागं दोन माणसांचा दिवस जातो. पेशंटला एकटं पाठवता येत नाही, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, कापूस वेचणीच्या दिवसांत तर कुणी यायला तयार नसतं. बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे मार्च २०२३ पासून, त्यामुळं आमच्यात वहिनीच जास्त वेळा गेली. ओपीडी दुपारी लांबली आणि आमच्या वस्तीची शेवटची गाडी चुकली की मग जीप, नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर. खाजगीत जिल्ह्याला दाखवायचं तर फी, गोळ्या, जाणं-येणं धरून दीड-दोन हजार कुठं गेले कळत नाही, तेही दर महिन्याला. म्हणून सांगतो, तालुक्याची ही ओपीडी कितीही तोकडी असली तरी ती बंद पडू देऊ नका, लोक आले नाहीत तर वरती लिहून जातं की इथं पेशंटच नाहीत.

आईचं सांगायचं राहिलं. आईचा पहिल्यापासून आग्रह की बाहेरचं बघा, कुणीतरी केलंय. तिनं एका ठिकाणाहून दोरा आणून दादाच्या हातात बांधला. मला राग आला होता, पण ताईंनी आईला शेजारी बसवून सांगितलं, "आजी, दोरा राहू द्या, तुमची श्रद्धा आहे. गोळी पण रोज तुम्हीच द्यायची त्याला, तुमच्या हातानं." तेव्हापासून रात्रीची गोळी आई देते, विसरत नाही. ही पद्धत मला फार पटली. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा गावी मीरा दातार दर्गा आहे, तिथं २००८ पासून दवा आणि दुआ एकत्र चालतं, दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराचे डॉक्टर बसतात आणि मुजावरच लोकांना त्यांच्याकडं पाठवतात. आपल्याकडच्या ठिकाणी असं झालं तर किती लोक वाचतील. मात्र भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साखळीनं बांधणं, धूर देणं हे कुणी करत असेल तर तिथं गप्प बसायचं नाही, आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्याचसाठी आहे.

अजून एक भीती असते ती पोलिसांची. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला आणि वाचला तर घरचे दवाखान्यात खरं सांगत नाहीत, केस होईल म्हणून. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्याच्या कलम ११५ प्रमाणं असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं हे सरकारचं काम आहे. हे आशाताईंनी, पोलीस पाटलांनी, सरपंचांनी गावात तोंडी सांगायला पाहिजे, भिंतीवर लिहून कुणी वाचत नाही.

आता मी म्हणलं ना की सुधारणं अवघड नाही. ते हवेत बोलत नाही. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, तिथं गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं, ते घरोघरी बोलायचे, आजार ओळखायचे, समुपदेशन करायचे, आणि गरज पडली तरच डॉक्टरकडं पाठवायचे. आधी डिप्रेशन असलेल्या शंभरातल्या चारजणांनीच कुठंतरी मदत घेतली होती, दीड वर्षात ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. नाशिक जिल्ह्यात आत्मीयता म्हणून असंच काम झालं, बचतगटातल्या बाया, गावातली जाणती माणसं यांना घेऊन. देशभराचा २०१५-१६ चा सर्व्हे सांगतो की डिप्रेशन, चिंता अशा नेहमीच्या आजारांत शंभरातल्या ८५ जणांना उपचार मिळतच नाहीत. एवढे मानसोपचारतज्ज्ञ आपल्या खेड्यात उद्या येणार नाहीत हे मला मान्य आहे. पण आठवड्याला एक फोन करणारं माणूस, आरोग्य केंद्रात गोळ्या आणि ओपीडी रद्द झाली तर एक निरोप, एवढं तर होतं ना.

जाणार असाल तर काही गोष्टी. आधार कार्ड आणि आधीचे सगळे कागद न्या, ईसीजीचा सुद्धा. सकाळी दहाच्या आत नंबर लावा. गोळ्या शक्य असेल तर जास्त दिवसांच्या मागा, डॉक्टरांना सरळ सांगा की मागच्या वेळी खंड पडला होता, आणि गोळीचं नाव मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून घ्या म्हणजे मेडिकलवाल्याला आधीच मागवायला सांगता येतं. निघायच्या आदल्या दिवशी रुग्णालयात फोन करून विचारा की उद्या ओपीडी आहे का. पेशंटला काही बोलायचं असेल आणि दार उघडं असेल तर बाहेर बसायला मागा, कडुलिंबाखाली खुर्च्या देतात. आजार जुना आणि जास्त असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचंही विचारा, मानसिक आजार त्यात बसतो, ४० टक्के किंवा त्याच्या वर निघालं तर योजना मिळतात, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

दादा आता झोपतो, जेवतो, यंदा हरभरा त्यानंच पेरला. गोळ्या चालू आहेत. ताईंची जागा अजून भरलेली नाही, आम्ही गावातल्या लोकांनी सह्या करून जिल्ह्याला अर्ज दिलाय, पोच आमच्याकडं आहे. तुमच्या तालुक्यात पण ही खुर्ची रिकामी असेल तर तुम्ही पण द्या, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावानं द्यायचा असतो.